नारळीकर सर बिग बँग मानत नव्हते, मग वर्गात काय शिकवायचं?

निपाणी भागातल्या मराठी माध्यमाच्या एका हायस्कूलमधल्या विज्ञानाच्या बाईंनी विचारलं आहे: “एसएसएलसीच्या (दहावीच्या) वर्गात विश्वाचा विषय निघाला की मुलं मोबाईलवर पाहिलेलं सांगायला लागतात. एक म्हणाला, जेम्स वेब दुर्बिणीनं बिग बँग खोटा ठरवला. दुसरा म्हणाला, आपले नारळीकर सरसुद्धा बिग बँग मानत नव्हते, मग तो पुस्तकात कशाला? एक जैन मुलगी म्हणाली, आमच्याकडे विश्वाला सुरुवातच नाही असं सांगतात, ते चूक आहे का? या तिघांना मी काय सांगू?”

बाई, तिन्ही प्रश्न नेमके आहेत, म्हणून उत्तर लांबणार आहे. बेळगावात पीयूसी आणि पदवीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली आणि विश्वशास्त्र हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय राहिला. हेच प्रश्न मला पदवीच्या शेवटच्या वर्षातली मुलंही विचारतात.

आधी थोडक्यात सांगतो. जेम्स वेबनं बिग बँग खोटा ठरवलेला नाही. नारळीकर सर तो मानत नव्हते हे खरं आहे आणि त्यांची कारणं मुलांना जरूर सांगावीत. आणि त्या मुलीला “चूक” म्हणता येईल असा पुरावा आज कोणाकडेही नाही. तिसरं उत्तर ऐकून तुम्ही थबकला असाल, म्हणून पहिल्यांदा एक गाठ सोडवू या.

पाठ्यपुस्तकातल्या बिग बँगमध्ये दोन वेगळी विधानं एकत्र बांधलेली असतात. पहिलं विधान असं की सुमारे १३.८ अब्ज वर्षांपूर्वी विश्व अतिशय तप्त आणि दाट होतं आणि तेव्हापासून ते प्रसरण पावत, थंड होत आलं आहे. दुसरं असं की त्या क्षणी सगळ्याची, खुद्द काळाचीही, सुरुवात झाली. पहिल्याला चारी बाजूंनी निरीक्षणांचा आधार आहे. दुसरं आलं आहे आइन्स्टाइनची समीकरणं मागे मागे नेत, जिथं ती समीकरणंच मोडून पडतात तिथपर्यंत ताणल्यामुळे. पर्यायी सिद्धांतांबद्दल बोलताना तो सिद्धांत यातल्या कुठल्या विधानाला हात घालतो हे आधी पाहायचं. व्हिडिओ करणारे नेमकं हेच पाहत नाहीत.

आता नारळीकरांकडे येतो. जयंत विष्णु नारळीकर १९३८ साली कोल्हापुरात जन्मले. म्हणजे तुमच्या मुलांसाठी अगदी शेजारच्या गावचे. केंब्रिजला ते फ्रेड हॉइल यांचे विद्यार्थी होते आणि हॉइल हे बिग बँगचे सर्वांत भक्कम विरोधक. त्यांचा विरोध हट्टातून आला होता असं समजू नका. १९४० च्या दशकात बिग बँगची अवस्था खरंच अवघड होती. एडविन हबल यांनी १९२९ साली दीर्घिका दूर जाण्याचा जो दर काढला तो होता मेगापार्सेकमागे सेकंदाला सुमारे ५०० किलोमीटर. (एक मेगापार्सेक म्हणजे ३२.६ लाख प्रकाशवर्षं.) उलटं मोजत गेलं की सगळं एकत्र असण्याचा काळ जेमतेम २ अब्ज वर्षांपूर्वीचा येतो. तिकडे किरणोत्सारावरून खडकांची वयं काढणाऱ्यांना पृथ्वीच त्याहून जुनी दिसत होती. आपल्याच कर्नाटकात हासन जिल्ह्यात गोरूरजवळचे नाइस खडक ३ अब्ज वर्षांहून जुने आहेत. विश्वापेक्षा त्यातला दगड म्हातारा, हे कोणी कसं मान्य करावं?

या कोंडीतून १९४८ साली हर्मन बाँडी, थॉमस गोल्ड आणि हॉइल यांनी स्थिर स्थिती सिद्धांत मांडला. विश्व प्रसरण पावतं हे त्यांना मान्यच होतं. पण दीर्घिका एकमेकींपासून दूर गेल्यावर मधल्या रिकाम्या जागेत नवं द्रव्य तयार होत राहतं, त्यातून नव्या दीर्घिका बनतात, आणि म्हणून विश्व कुठल्याही काळी, कुठूनही पाहिलं तरी साधारण सारखंच दिसतं, असं त्यांचं म्हणणं. सुरुवात नाही, शेवट नाही. त्यासाठी द्रव्य किती लागतं? एका घनमीटरात अब्जभर वर्षांत हायड्रोजनचा एखादा अणू. इतकी मंद निर्मिती कुठल्याही प्रयोगशाळेला पकडता येणार नाही, त्यामुळे “असं कधी घडताना दिसलं का?” एवढं विचारून हा सिद्धांत बाजूला सारता येत नव्हता. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम मोडतो हा आक्षेप मात्र गंभीर होता. हॉइल आणि नारळीकर यांनी १९६० च्या दशकात ऋण ऊर्जा असलेलं एक निर्मितिक्षेत्र गणितात आणून त्याला उत्तर दिलं. द्रव्य जन्मताना या क्षेत्राची ऊर्जा तितकीच आणखी ऋण होते आणि एकूण हिशेब जुळतो.

या सिद्धांताचं मोठेपण मला वेगळ्याच गोष्टीत दिसतं. काय घडू शकत नाही हे तो स्पष्ट सांगत होता. दूरचं पाहणं म्हणजे जुनं पाहणं. विश्व सर्वकाळ सारखं असेल, तर अब्जावधी प्रकाशवर्षं दूर पाहिलं तरी तिथं जवळच्यासारखंच दृश्य दिसलं पाहिजे. दूर गेल्यावर एखाद्या प्रकारच्या वस्तू फार जास्त किंवा फार वेगळ्या आढळल्या, तर सिद्धांत गेला. स्वतःच्या पराभवाची अट आधीच लिहून देणारा सिद्धांत! मुलांना पर्यायी सिद्धांतांची पारख शिकवायची असेल तर हाच एक प्रश्न शिकवा: हा सिद्धांत काय घडू देत नाही?

केंब्रिजमध्येच मार्टिन राइल यांनी आकाशातले रेडिओस्रोत, म्हणजे रेडिओ लहरी सोडणाऱ्या वस्तू, मोजायला घेतले. अंधूक स्रोत अपेक्षेपेक्षा जास्त निघाले, म्हणजे पूर्वीच्या काळी असे स्रोत अधिक होते. १९५५ मधली पहिली मोजणी सदोष निघाली, त्यामुळे हॉइल यांना बोलायला जागा होती. १९६१ मध्ये सुधारित मोजणी आली, तेव्हा नारळीकर नुकतेच संशोधक विद्यार्थी झालेले होते. त्यांनी हॉइल यांच्याबरोबर उत्तर लिहिलं की दीर्घिका मोठमोठ्या समूहांत विखुरलेल्या असतील तर स्थिर स्थितीतही अशी मोजणी येऊ शकते. वाद पुढे चालू राहिला.

यापुढचा प्रसंग आपल्या देशातला आहे आणि तो मुलांपर्यंत फारसा पोचत नाही याचं मला वाईट वाटतं. १९७२ साली नारळीकर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. त्याच संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनी दोनच वर्षं आधी उटीला ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी रेडिओ दुर्बीण सुरू केली होती. जागा निवडतानाच त्यांनी कमाल केली. उटीचा अक्षांश साधारण ११ अंश, म्हणून उत्तर-दक्षिण दिशेनं तेवढ्याच उताराची टेकडी शोधली. त्यामुळे दुर्बिणीचा लांब अक्ष आपोआप पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला आणि तो एका अक्षाभोवती फिरवला की आकाशातला स्रोत नऊ-साडेनऊ तास पकडून ठेवता येऊ लागला. चंद्र एखाद्या रेडिओस्रोतासमोरून जातो तेव्हा स्रोताचे संकेत ज्या रीतीनं मंदावतात, त्यावरून स्रोताचा कोनीय आकार कळतो. असे पुष्कळ अंधूक स्रोत मोजून स्वरूप आणि विजय कपाही यांनी १९७५ मध्ये दाखवलं की स्रोत जसजसे अंधूक होतात तसा त्यांचा आकार ज्या रीतीनं बदलतो, ते स्थिर स्थितीशी जुळत नाही. विश्व काळाबरोबर बदलत आलं आहे. एकाच संस्थेत एकाची आयुष्यभराची भूमिका आणि तिच्या विरोधातला पुरावा शेजारी शेजारी नांदले. विज्ञान म्हणजे काय हे मुलांना सांगायला मला याहून चांगला प्रसंग सापडलेला नाही.

तोवर मोठा घाव बसून गेला होता. १९६५ साली आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन यांनी आकाशाच्या प्रत्येक दिशेनं सारखंच येणारं मायक्रोवेव्ह प्रारण सापडल्याचं जाहीर केलं. यालाच पार्श्वभूमीचं प्रारण म्हणतात. त्याचं तापमान निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे ३ अंश, आजच्या अचूक मोजणीनुसार २.७२५ केल्विन. विश्व एकेकाळी तप्त असेल तर अशी ऊब उरली पाहिजे, हे भाकीत १९४८ सालीच राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी केलं होतं. स्थिर स्थितीत अशा प्रारणाला सहज जागा नव्हती.

दुसरा पुरावा हेलियमचा, आणि इथं हॉइल यांचा प्रामाणिकपणा पाहा. तप्त सुरुवात नाही म्हटल्यावर जड मूलद्रव्यं कुठे शिजली हे सांगणं त्यांना भाग होतं. त्या गरजेतून ताऱ्यांच्या पोटात कार्बन, ऑक्सिजन, लोह कसं बनतं याचं शास्त्र उभं राहिलं. १९५७ सालचा मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि हॉइल यांचा शोधनिबंध आजही त्या विषयाचा पाया आहे. पण विश्वातल्या साध्या द्रव्याच्या वजनात जवळजवळ चौथा हिस्सा हेलियम आहे, आणि एवढा हेलियम ताऱ्यांतून येत नाही. हे १९६४ साली रॉजर टेलर यांच्याबरोबर लिहून कोणी दाखवलं? हॉइल यांनीच. स्वतःच्या सिद्धांताला अडचणीचं ठरणारं गणित त्यांनी आपल्या नावानं छापलं.

मग नारळीकर सर शेवटपर्यंत विरोधात का राहिले? जुना स्थिर स्थिती सिद्धांत जसाच्या तसा टिकत नाही हे ते जाणून होते. १९९३ मध्ये हॉइल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी अर्ध-स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडला. त्यात निर्मिती सगळीकडे सारखी होत नाही. प्रचंड घनतेच्या ठिकाणी छोटे छोटे निर्मितिस्फोट होतात. विश्व सुमारे ५० अब्ज वर्षांच्या चक्रात आकुंचन-प्रसरण पावतं आणि त्याच वेळी हजार अब्ज वर्षांच्या मापावर एकंदरीत वाढतच राहतं. पार्श्वभूमीच्या प्रारणाबद्दल त्यांचं म्हणणं असं की मागच्या चक्रांतल्या ताऱ्यांचा प्रकाश लोहाच्या मिलिमीटरभर लांब सूक्ष्म सुयांनी शोषला आणि मायक्रोवेव्हच्या रूपात परत सोडला. हे ऐकायला चमत्कारिक वाटतं, पण त्यामागे एक आकडा आहे. विश्वात दिसणारा सगळा हेलियम ताऱ्यांत बनला असता तर जेवढी ऊर्जा बाहेर पडली असती, तेवढीच साधारण या प्रारणात आहे. हा योगायोग हॉइल यांना स्वस्थ बसू देत नव्हता आणि मला त्यांची अस्वस्थता समजते.

हा सिद्धांत अडला तो तपशिलात. १९९० साली कोबे उपग्रहानं मोजलेला या प्रारणाचा वर्णपट गणिती कृष्णवस्तूच्या (जिचं प्रारण फक्त तापमानावर ठरतं अशा आदर्श वस्तूच्या) वक्राशी इतका तंतोतंत जुळला की आलेखावर मोजणीतली चूक रेषेच्या जाडीतच झाकली जात होती. वेगवेगळ्या अंतरावरून, वेगवेगळ्या काळात, धुळीनं सोडलेला प्रकाश मिसळून इतका निर्दोष वक्र मिळवायचा तर विश्व मिलिमीटर लहरींना अपारदर्शक हवं. आज चिलीतल्या अल्मा दुर्बिणीला त्याच मिलिमीटर लहरींमध्ये अतिदूरच्या दीर्घिका दिसतात. २०२५ साली तर रेडशिफ्ट १४ च्या पुढच्या एका दीर्घिकेतल्या ऑक्सिजनची रेषा तिनं टिपली. (प्रकाश लाल बाजूला किती सरकला याचं माप म्हणजे रेडशिफ्ट. ती जितकी मोठी, तितकी वस्तू दूरची आणि जुन्या काळातली.) म्हणजे पडदा पारदर्शक आहे. शिवाय या सिद्धांताच्या पुरस्कर्त्यांनी निरीक्षणांशी ताडून पाहताना वापरलेल्या आकड्यांत चालू चक्रातली सर्वांत मोठी रेडशिफ्ट ५ च्या आसपास येत होती, आणि मागच्या चक्रातल्या अंधूक दीर्घिकांचा प्रकाश उलट निळ्याकडे सरकलेला दिसायला हवा होता. तशा दीर्घिका दिसलेल्या नाहीत.

पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेचं एक काम इथं सांगितलंच पाहिजे. ही संस्था १९८८ साली नारळीकरांनीच उभी केली. तिथल्या रघुनाथन श्रीआनंद यांनी युरोपीय सहकाऱ्यांबरोबर २००० साली रेडशिफ्ट २.३४ वरच्या एका वायुमेघातल्या कार्बन अणूंचा तापमापक म्हणून उपयोग केला. तिथलं पार्श्वभूमीचं तापमान ६ ते १४ केल्विनच्या दरम्यान निघालं. २००८ मध्ये त्यांनी कार्बन मोनॉक्साइडच्या रेणूंवरून रेडशिफ्ट २.४२ ला ९.१५ केल्विन मोजलं, सुमारे ०.७ च्या आतबाहेर. प्रसरणाचं गणित सांगतं: २.७२५ गुणिले ३.४२, म्हणजे ९.३. पूर्वी विश्व खरोखरच अधिक उबदार होतं, आणि हे मोजणारी माणसं त्याच संस्थेत बसून हे मोजत होती. (अर्ध-स्थिर स्थितीत चालू चक्रापुरतं हे तापमान बसवता येतं. मूळ स्थिर स्थितीत ते बसत नाही.) २० मे २०२५ रोजी सर गेले. विरोधी निष्कर्षांना दार उघडं ठेवणारी संस्था उभारणं हे त्यांचं काम कुठल्याही सिद्धांताइतकंच मोठं आहे असं मी मानतो. “नारळीकर म्हणाले म्हणून बिग बँग खोटा” असं म्हणत त्यांचं नाव पुढे करणारा माणूस त्यांचा अपमान करतो, कारण सरांनी कोणाचंही म्हणणं, स्वतःचं धरून, अधिकारावर स्वीकारायला कधी सांगितलं नाही.

पहिल्या मुलाच्या प्रश्नाकडे वळतो. जेम्स वेब २५ डिसेंबर २०२१ ला निघाली आणि जुलै २०२२ पासून तिनं अपेक्षेपेक्षा तेजस्वी, अपेक्षेपेक्षा लवकर घडलेल्या दीर्घिका दाखवल्या. रेडशिफ्ट १४ म्हणजे बिग बँगनंतर सुमारे ३० कोटी वर्षं. एवढ्या कमी काळात एवढे तारे कसे? हा प्रश्न खरा आहे. पण तो दीर्घिका कशा घडतात याच्या प्रतिरूपांपुढचा प्रश्न आहे. तारे त्या काळी जास्त झपाट्यानं बनत असतील, काही प्रकाश कृष्णविवरांभोवतालचा असेल, धूळ कमी असेल, यावर काम चालू आहे. प्रसरण झालंच नाही असं म्हणायचं असेल तर वेगळंच काही दिसायला हवं होतं: दूरही जवळच्यासारख्याच मोठ्या, वयस्क, जड मूलद्रव्यांनी भरलेल्या दीर्घिका. वेबला दूर दिसतात त्या लहान, आटोपशीर, जड मूलद्रव्यं कमी असलेल्या. म्हणजे वेबनं विश्व बदलत आलं हेच अधिक ठळक केलं.

यासोबत मुलांच्या कानावर “थकलेला प्रकाश” हा शब्दही पडलेला असतो. १९२९ साली फ्रिट्झ झ्विकी यांनी सुचवलं होतं की दीर्घिका दूर जात नसतील, प्रकाशच लांबच्या प्रवासात ऊर्जा गमावून लाल होत असेल. कल्पना सुटसुटीत आहे. पण ऊर्जा गमवायची तर प्रकाशानं वाटेत कशाला तरी धडकलं पाहिजे, आणि धडकला की त्याची दिशा थोडी तरी बदलणारच. पावसाळ्यात चोर्ला घाटात धुक्यातून येणाऱ्या गाडीचे दिवे दोन ठिपके न राहता पसरट डाग दिसतात, तशा दूरच्या दीर्घिका पसरट दिसायला हव्यात. त्या रेखीव दिसतात. याहून निर्णायक कसोटी वेळेची आहे. एक ठरावीक प्रकारचा अतिनवतारा, म्हणजे स्फोट होऊन उजळलेला तारा, साधारण ठरावीक दिवसांत मंदावतो. अवकाश प्रसरण पावत असेल तर रेडशिफ्ट १ वर तेच मंदावणं दुप्पट दिवस चालताना दिसेल. प्रकाश नुसता थकत असेल तर दिवस तेवढेच राहतील. १९९० च्या दशकापासून हे मोजलं जात आहे आणि २०२४ मध्ये सुमारे १५०० अतिनवताऱ्यांवर तपासलं गेलं. दुप्पटच दिवस लागतात. माझ्या मते हा विषय इथं संपतो. २०२३ मध्ये ओटावा विद्यापीठाच्या राजेंद्र गुप्ता यांनी विश्वाचं वय २६.७ अब्ज वर्षं सांगितलं, ती बातमी तुमच्या मुलांनी पाहिलीच असेल. त्यांनी थकलेला प्रकाश आणि काळाबरोबर बदलणारे स्थिरांक असं मिश्रण करून वेबच्या दीर्घिकांना जास्त वेळ मिळवून दिला. पण एका अडचणीसाठी दोन नव्या गृहीतकांची किंमत मोजावी लागते आणि पार्श्वभूमीच्या प्रारणातले बारीक चढउतार मानक सिद्धांताइतक्या काटेकोरपणे जुळवून दाखवणं बाकीच राहतं.

उरलेल्यांपैकी दोघांबद्दल दोन शब्द. हॅल्टन आर्प यांनी १९६६ मध्ये चमत्कारिक आकारांच्या दीर्घिकांचा सुंदर नकाशासंग्रह प्रसिद्ध केला आणि पुढे म्हटलं की क्वेसार (ताऱ्यासारख्या ठिपक्याएवढ्या दिसणाऱ्या अतितेजस्वी वस्तू) जवळच्या दीर्घिकांनी बाहेर फेकलेले असतात, त्यांची मोठी रेडशिफ्ट अंतर दाखवत नाही. हा दावा तपासण्याजोगा होता आणि तपासला गेला. मधल्या दीर्घिकांच्या गुरुत्वामुळे एकाच क्वेसारच्या दोन-चार प्रतिमा दिसतात, पहिलं असं उदाहरण १९७९ सालचं. म्हणजे क्वेसार त्या दीर्घिकांच्या मागे आहेत, बरेच मागे. हानेस आल्फव्हेन यांना प्लाझ्माच्या (विद्युतभारित वायूच्या) कामासाठी १९७० चं नोबेल मिळालं. त्यांनी विश्वात द्रव्य आणि प्रतिद्रव्य निम्मं-निम्मं मानलं होतं. तसं असतं तर सीमांवर दोन्ही एकमेकांना भिडून गॅमा किरणांचा लखलखाट दिसला असता. तो दिसत नाही.

आता दुसऱ्या विधानाकडे, म्हणजे सुरुवातीकडे. आजचे खरे पर्याय इथं आहेत आणि मला तुमच्या मुलांचं कुतूहल इकडं वळलेलं आवडेल. कलकत्त्याच्या अमलकुमार रायचौधुरी यांनी १९५५ मध्ये दिलेल्या समीकरणावर पुढे पेनरोज आणि हॉकिंग यांनी उभारणी केली आणि दाखवलं की साध्या अटी पाळल्या तर प्रसरणाचा धागा मागे नेताना समीकरणं एका टोकाला तुटतातच. तुटणं म्हणजे तिथं सुरुवात झाली असं नव्हे, तिथं आइन्स्टाइनचा सिद्धांत अपुरा पडतो एवढंच. तिथं पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) लागते. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला जन्मलेले अभय अष्टेकर यांनी गुरुत्वाच्या पुंजसिद्धांताचा एक मार्ग घडवला. त्यांच्या गटानं २००६ मध्ये गणित करून दाखवलं की अतिप्रचंड घनतेला गुरुत्व जणू ढकलायला लागतं आणि आधीचं आकुंचन पावणारं विश्व उलटून प्रसरण पावू लागतं. तसं असेल तर आपली सुरुवात हे एक वळण होतं. पॉल स्टाइनहार्ट आणि नील ट्युरॉक यांनी २००२ मध्ये चक्रीय विश्व मांडलं. रॉजर पेनरोज वेगळ्या रीतीनं एकामागून एक युगांची साखळी मांडतात. दुसरीकडे अॅलन गुथ यांनी १९८१ मध्ये सुचवलेला फुगवट्याचा सिद्धांत, म्हणजे पहिल्या क्षणाच्या अत्यल्प भागात विश्व अफाट वेगानं फुगलं ही कल्पना, बहुतेकांना मान्य आहे, पण सिद्ध झालेली नाही. तिच्या घडणीत वाटा असलेले स्टाइनहार्ट आज तिचेच कडक टीकाकार आहेत.

यांच्यातही पराभवाची अट लिहिलेली आहे, म्हणून मी यांना मानतो. फुगवट्याच्या साध्या प्रकारांत आद्य गुरुत्वीय लहरींचा विशिष्ट ठसा पार्श्वभूमीच्या प्रारणात उमटायला हवा. स्टाइनहार्ट-ट्युरॉक यांच्या विश्वात तो जवळजवळ नसतो. २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप प्रयोगानं तो ठसा सापडल्याचं जाहीर केलं, पण ते आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचं काम निघालं. पुढच्या मोजण्यांत अजून काही सापडलेलं नाही आणि फुगवट्याचे काही प्रकार त्यातून बाद झाले आहेत. ठसा सापडला तर चक्रीय सिद्धांत हरेल.

तुमच्या जैन विद्यार्थिनीला काय सांगायचं, हे आता सांगतो. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी हे जैन मंदिर १२०४ सालचं आहे, म्हणजे तिच्या घरातली परंपरा या मातीत आठशे वर्षांहून अधिक काळ रुजलेली आहे. लोक, म्हणजे विश्व, अनादि-अनंत आहे, कोणी निर्माण केलेला नाही, उत्सर्पिणी (चढता काळ) आणि अवसर्पिणी (उतरता काळ) असं कालचक्र चालू आहे, हा विचार खोल आहे. “विश्वाला सुरुवात असलीच पाहिजे” हे विज्ञानानं सिद्ध केलेलं नाही, त्यामुळे त्या विधानाला विज्ञानाची आडकाठी नाही. पण १३.८ अब्ज वर्षांपूर्वी विश्व तप्त आणि दाट होतं हेही तिनं शिकावं, कारण ते मोजलेलं आहे. आणि एक काळजी घ्या. चक्रीय विश्वाचे सिद्धांत आले म्हणून “आमच्या ग्रंथांत हे आधीच होतं” असं कोणी म्हणू लागलं, मग तो जैन असो, वैदिक असो वा आणखी कोणी, तर त्याला विचारा की पार्श्वभूमीचं तापमान किती यायला हवं हे त्या ग्रंथातून काढता येईल का. धर्मग्रंथ त्या प्रश्नासाठी लिहिलेलाच नाही. त्यावर तो प्रश्न लादला की परंपरेचाही अर्थ हरवतो आणि विज्ञानाचाही.

मानक सिद्धांताच्या दुखऱ्या जागाही वर्गात लपवू नका. प्लँक उपग्रहाच्या मोजणीवरून प्रसरणाचा दर ६७.४ येतो, अतिनवताऱ्यांवरून ७३ च्या आसपास. दोन्हींच्या चुकीच्या मर्यादा एवढ्या कमी आहेत की तफावत झटकून टाकता येत नाही. १९९८ मध्ये प्रसरणाला गती येत असल्याचं कळलं. (स्थिर स्थिती सिद्धांतानं गतिमान प्रसरण वेगळ्या कारणानं का होईना सांगितलं होतं, हे न्यायानं नोंदवावं.) त्यासाठी जी कृष्ण ऊर्जा मानली जाते ती काय आहे हे कोणाला ठाऊक नाही, आणि २०२५ मध्ये दीर्घिकांचा नकाशा काढणाऱ्या डेसी प्रकल्पानं ती काळाबरोबर क्षीण होत असावी असे संकेत दिले आहेत, अजून खात्रीचे नाहीत. कृष्ण द्रव्याचा, म्हणजे न दिसणाऱ्या पण गुरुत्वातून जाणवणाऱ्या द्रव्याचा, कण सापडलेला नाही. लिथियमचं प्रमाण गणितानं येतं त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपासच भरतं. पुढचा चांगला पर्याय आला तर यांतल्याच एखाद्या फटीतून येईल.

तासाला करण्यासारखं एक गणित देतो, एसएसएलसीच्या मुलांना सहज जमतं. प्रसरणाचा दर मेगापार्सेकमागे सेकंदाला किलोमीटरमध्ये घ्या आणि ९७८ ला त्यानं भागा. दर बदलला नसता तर विश्वाचं वय किती आलं असतं ते अब्ज वर्षांत मिळतं. आधी हबलचा ५०० घालू द्या: १.९६ येईल. मग गोरूरचा खडक फळ्यावर लिहा आणि १९४८ साली तुम्ही कोणाच्या बाजूनं उभे राहिला असता असं विचारा. हॉइल यांच्या बाजूनं बरेच हात वर होतील आणि ते योग्यच आहेत. त्यानंतर सांगा की १९५२ मध्ये वॉल्टर बाडे यांनी अंतरं मोजायच्या ताऱ्यांचे दोन प्रकार वेगळे केले आणि अंतरं एकदम दुप्पट झाली, पुढे आणखी वाढत गेली. आता ६७.४ आणि ७३ घालू द्या: १४.५ आणि १३.४. या दोन आकड्यांत फरक का, असं कोणीतरी विचारेलच. तिथं पुस्तक मिटा आणि त्यांना बोलू द्या. गणिताला वर्गात अर्धा तास पुरतो, चर्चेला मात्र जोडतास मागून घ्या.